माझ्या रानाला पाणी मीच सोडणार

वृषभ हा निपाणीजवळच्या गावातला, चाळिशीतला जैन शेतकरी. त्याला मल्टिपल स्क्लेरोसिस झाल्याचं कळलं तेव्हा बेळगावच्या डॉक्टरांनी सोप्या भाषेत सांगितलं, की मेंदूनं पायाला धाडलेला निरोप वाटेतच अडखळतो. ऊन लागलं की पोचतच नाही. वृषभनं मान डोलावली आणि घरी येऊन पहिला प्रश्न केला, तो उसाला पाणी कोण पाजणार हा.

डॉक्टरांना कळलेलं गावाला कळलं नव्हतं. दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्या घरातला हा माणूस भर बाजारात झोकांड्या देत चालला, तेव्हा चहाच्या टपरीवर निदान झालं: वृषभ प्यायला लागला! गावाला काय, जीभ हलवायला कष्ट पडत नाहीत. त्याची बायको त्रिशला संतापली. "अवो, हातात काठी घ्या की. आजारी हाय हे तरी कळंल लोकास्नी." पण वृषभला काठीची लाज वाटे. दारुडा म्हटलेलं चालेल, लंगडा नको, असला त्याचा हट्ट. याला शहाणपण म्हणायचं तरी कसं?

विहिरीपर्यंत चालणं जमेना, तेव्हा त्यानं मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. हाताला मुंग्या यायच्या, म्हणून बटणं न दाबता तो फोनला तोंडीच हुकूम सोडी. मग पलीकडून एक बाई गोड आवाजात सांगे, मोटर चालू झाली आहे. थोरल्या भावाला, गोमटेशअण्णांना, हे काही पटत नव्हतं. शेत दोघांचं, पण करणारा वृषभ. अण्णांचं निपाणीत दुकान. पाडव्यापासून रान शेजारच्या नागोजीला वाट्यानं द्यावं असं त्यांच्या मनात होतं. "तू आता आराम कर," एवढंच ते म्हणत. ते वाक्य वृषभच्या जिव्हारी लागे. रान गेलं तर सकाळी उठायचं कशासाठी, हेच त्याला कळत नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच वृषभनं माती खाल्ली. एका सकाळी बाईनं मोटर चालू झाल्याचं सांगितलं आणि हा खुशीत भाकरी खात बसला. पाइपाचा जोड निसटलाय हे ती बाई थोडीच सांगणार! सगळं पाणी नागोजीच्या रानात घुसलं. तिथं कापलेली तंबाखू वाळत पडली होती.

नागोजी दारात येऊन ओरडला, "घरात बसून शेती करतोस व्हय रं? माझी तंबाखू भिजली की समदी!"

"चूक माझीच हाय," वृषभ म्हणाला. नुकसान भरून द्यायचं त्यानं तिथंच कबूल केलं. पण संध्याकाळी अण्णांनी निकाल देऊन टाकला. "बास झालं. रविवारी नागोजीला घेऊन रानात येतो आणि वाट्याचं ठरवून टाकतो."

वृषभला रडू आलं. मग राग आला, तो स्वतःचाच. फोननं मोटर सुरू होते, पण रान बघायला रानातच जावं लागतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं स्कूटरला मागं दोन जादा चाकं लावून घेतली. वर्षभर तो यालाच नाही म्हणत होता. काठीही स्कूटरला बांधली. ठिबकचे कॉक वाकून फिरवायला नकोत म्हणून वेल्डरकडून लांब दांड्याची चावी करवून घेतली. येताना टपरीवर मुद्दाम थांबला आणि म्हणाला, "दारू न्हाय रं बाबांनो, नसांचा आजार हाय. नाव लई लांब हाय, बसा पाठ करत."

रविवारी ऊन चढायच्या आत, गळ्यात ओला पंचा टाकून तो रानात पोचला. अण्णा आणि नागोजी आले तेव्हा तो पाइपाचा एकेक जोड काठीनं ठोकून बघत होता. मग त्यानं फोन लावला. पाणी आलं. सगळे कॉक त्यानं स्कूटरवर बसूनच उघडले, पण कडेच्या कॉकला चावी पोचेना. तो उतरला, पाय दुमडला आणि धपकन सरीत बसला. अण्णा धावत आले आणि चावी घेऊ लागले.

"सोडा अण्णा. माझ्या रानाला पाणी मीच सोडणार."

काठी रोवून तो उठायला लागला. पुन्हा बसला. पुन्हा उठला. अण्णा हात पुढं करून उभे होते, पण त्यांनी त्याला धरलं नाही. अखेर कॉक फिरला आणि उसाच्या बुडाशी माती भिजायला लागली.

अण्णांनी डोळे पुसले. "नागोजी," ते म्हणाले, "तू दुसरं रान बघ."