विहीणबाईंचं दुधातलं मटण

टेक्सासमधल्या शुगर लँडहून, लेकीच्या घरून, निघालो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं, पण हवा इतकी दमट की गाडीच्या काचा बाहेरून घामेजल्या होत्या. नागपूरच्या माणसाला उन्हाचं कौतुक नाही. हे घामट प्रकरण मात्र महिना झाला तरी माझ्या अंगवळणी पडलं नव्हतं. माझी लेक प्राजक्ता गाडी चालवत होती आणि मी शेजारी, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन. आम्ही शेजारच्या लुइझियाना राज्यात निघालो होतो, माझ्या विहीणबाईंना, मारीबाईंना, भेटायला. जावई लुक शुक्रवारीच पुढे गेला होता, आईच्या घराचा व्हरांडा दुरुस्त करायला.

ह्यूस्टनचे एकावर एक चढलेले रस्ते मागे पडले तशी प्राजक्ता म्हणाली, “आई, एक सांगायचंय. मारी हल्ली विसरायला लागलीये. मागच्या महिन्यात बर्नर चालूच राहिला तिच्याकडून. शेजारच्यांनी लुकला फोन केला.”

“विसरतं माणूस. मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधते.”

“तसं नाही गं. लुक म्हणतोय, या वीकेंडला तो नीट ऑब्झर्व्ह करणार. ती एकटी मॅनेज करू शकत नसेल तर घर विकायचं आणि तिला केअर होममध्ये ठेवायचं. ती म्हणते, मी इथून हलणार नाही. सो प्लीज, तू नॉर्मल राहा.”

नॉर्मल राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिनं सांगितलं नाही. मला एवढंच कळलं की ज्या बाईच्या स्वयंपाकघराची तिचाच मुलगा परीक्षा घेणार, तिच्याकडे मी पाहुणी म्हणून चालले आहे. मला ते मुळीच आवडलं नाही, आणि मी तसं बोलूनही दाखवलं. प्राजक्तानं गाण्याचा आवाज वाढवला.

तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांची धुराडी संपली, राज्याची हद्द ओलांडली आणि एका पेट्रोल पंपावर थांबलो. इकडे पंपावरच दुकान असतं आणि त्या दुकानात, आपल्याकडे समोसे ठेवतात तसे, गरम पेटीत ‘बुदँ’ (भात आणि डुकराचं मांस भरलेली आतड्याची नळी) ठेवलेले असतात. काउंटरवरच्या पोट सुटलेल्या गृहस्थांनी मला काटा-चमचा शोधताना पाहिलं.

“मॅडम, पहिल्यांदाच का?”

“हो.”

“मग काटा विसरा. दातात धरा आणि ओढा.”

म्हणजे शेवग्याची शेंग. ती मला कुणी शिकवायला नको. मी भराभर ओढून साल त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा त्यांनी टोपी काढून सलाम केला. चव तिखट, मिऱ्यांची, आणि फार जुन्या ओळखीची. आमच्या वस्तीत माझ्या लहानपणी डुकराचं मटण व्हायचं. पुढे बाबांना नोकरी लागली, आम्ही कॉलनीत राहायला गेलो आणि ते बंद झालं. का, ते बुद्धविहारातल्या माझ्या मैत्रिणींना सांगायची गरज नाही. मी आणखी एक बुदँ घेतला.

पुढचा रस्ता भाताच्या खाचरांतून जातो. भंडाऱ्याच्या बाजूला आल्यासारखं वाटावं इतकी ती सपाट, पाणी भरलेली जमीन. फक्त पाण्यातून जागोजागी लाल तोंडाचे पिंजरे डोकावत होते. भात निघाला की त्याच पाण्यात इथले शेतकरी क्रॉफिश (झिंग्यांचा जाडजूड चुलतभाऊ) धरतात. एक माणूस चाकं लावलेली होडी घेऊन खाचरातून फिरत होता, पिंजरे उपसून झटकत होता. मी प्राजक्ताला गाडी कडेला घ्यायला लावली आणि मनसोक्त बघत उभी राहिले. तेवढ्यात माझी एक चप्पल चिखलात रुतली आणि ती काढताना दुसरीही गेली. विहीणबाईंच्या दारात मी लेकीचे बूट घालून पोचले, दोन नंबर मोठे.

मारीबाईंनी ते बूट पाहिले आणि काही न विचारता आपल्या कापडी सपाता आणून दिल्या. मला बाई तिथेच आवडल्या. त्या पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, उंच, किंचित वाकलेल्या. दक्षिण फ्रान्समधल्या खेड्यातून लग्न होऊन इथे आल्या, कारण ज्याँ, म्हणजे लुकचे वडील, इथले. ज्याँ जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांचा फोटो दिवाणखान्यात आहे, डोक्यावर गवती टोपी, हातात मासा. घर लाकडी, जमिनीपासून वर उचललेलं, मागे पेकानची (आक्रोडासारख्या फळाची) मोठी झाडं आणि पलीकडे बायू (दलदलीतून सरकणारं संथ पाणी). त्यांचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं शाळामास्तरणीचं. आमचं छान जमलं. संध्याकाळभर त्या चिवडा खात होत्या आणि त्यातले शेंगदाणे वेचून शेवटी खायला बाजूला ठेवत होत्या.

“उद्या तुमच्यासाठी माझ्या आईचं रविवारचं जेवण,” त्या म्हणाल्या. “रोती द पोर ओ ले.”

लुकनं मला अर्थ सांगितला, दुधात शिजवलेलं डुकराचं मटण. दुधात! मी तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. दूध आणि मटण एकत्र खाल्लं की अंगावर कोड उठतं, या समजुतीला मी वर्गात हसत आले. पण खरं सांगायचं तर आमच्या घरी मटणाच्या दिवशी खीर कधी झाली नाही, आणि ती मीच होऊ दिली नाही.

सकाळी मारीबाईंनी मला शेजारी स्टुलावर बसवून कामाला सुरुवात केली. पाठीचा, हाड काढलेला लांबट तुकडा दोऱ्यानं आवळून बांधला होता. त्याला मीठ-मिरपूड चोळली. बिडाच्या जड भांड्यात लोणी घालून तो सगळ्या बाजूंनी तांबूस होईपर्यंत परतला. मग सालासकट लसणाच्या पाकळ्या, सेज नावाचा खरबरीत पाला, थोडं जायफळ आणि लिंबाच्या सालीच्या पट्ट्या. त्यावर गरम दूध, मटण अर्धं बुडेल इतकं. झाकण किंचित उघडं ठेवलं आणि आच अगदी मंद केली. हात कुठे अडखळला नाही की काही शोधावं लागलं नाही. लुक दोनदा दारात येऊन बघून गेला. दोन्ही वेळा त्यांनी मान वर केली नाही, पण खांदे ताठ झालेले मला दिसले.

लुक आणि प्राजक्ता पाव आणायला गावात गेले. मारीबाई म्हणाल्या, “जरा लक्ष ठेवाल? मी पार्सली (आपल्या कोथिंबिरीची फिक्या चवीची बहीण) घेऊन येते.”

दुधावर लक्ष ठेवायला मला सांगणं म्हणजे शाळकरी मुलाला ‘सुट्टी घे’ म्हणून सांगणं. आमच्याकडे आजवर दूध उतू गेलेलं नाही. मी चमचा घेऊन उभी राहिले. बराच वेळ गेला, त्या येईनात. झाकण काढलं. दूध फाटलं होतं. नुसतं फाटलं नव्हतं, पिवळट पाण्यात त्याच्या गुठळ्या तरंगत होत्या आणि बुडाला तपकिरी खरवड धरली होती.

आता लुक येणार आणि हे बघणार. पहिल्यांदा मनात आलं ते हेच. दारातून हाका मारल्या, उत्तर नाही. मग मी पदर खोचला. मटण ताटलीत काढलं. नासलेलं दूध स्वच्छ फडक्यातून गाळलं. टाकून द्यायला जीव होईना म्हणून गुठळ्यांची पुरचुंडी बांधली आणि चक्का टांगतात तशी नळाला टांगली. भांडं घासून लखलखीत केलं. ताजं दूध तापवून ओतलं, मटण परत आत ठेवलं आणि खाली लागू नये म्हणून ढवळत राहिले. पांढरंशुभ्र, एकसारखं दूध. मला माझा अभिमान वाटला. मग आच बारीक करून मारीबाईंना बोलवायला मागे गेले.

त्या पेकानखालच्या बाकावर बसल्या होत्या. पार्सलीची जुडी मांडीवर तशीच होती.

“किती छान वास येतोय,” त्या म्हणाल्या. “ज्याँ कुठे दिसला का? त्याला सांगा, जेवण होत आलंय. पाण्यावर गेला की त्याला वेळेचं भान नसतं.”

मी त्यांच्या शेजारी बसले. मला भीती वाटली. त्यांच्यासाठी वाटली आणि, कशाला लपवू, माझ्यासाठीही वाटली. मीसुद्धा नागपूरला एकटीच राहते. मी त्यांचा हात हातात घेतला. समोर पाण्यावर एक बगळा उभा होता. तो उडाला, त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मांडीवरच्या जुडीकडे. चेहरा पांढरा पडला.

“मी काय म्हणाले आत्ता?”

मी सांगितलं. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

“लुकला सांगू नका,” त्या म्हणाल्या आणि उठल्या.

आम्ही आत आलो तर दोघं पाव घेऊन परतले होते आणि लुक भांड्यापाशी उभा होता, हातात झाकण.

“मामाँ, हे काय? दूध पांढरंच आहे. यात काहीच झालेलं नाही. तू तर हे डोळे मिटून करतेस.” त्यानं प्राजक्ताकडे पाहिलं. ‘बघितलंस ना’ म्हणणारी ती नजर कुठल्याही भाषेत कळते.

मारीबाई भांड्यात पाहत राहिल्या. त्यांना वाटत होतं, हेसुद्धा आपणच केलं आणि आपल्याला आठवत नाही. ते मला बघवेना.

“लुक, हे मी केलंय,” मी म्हणाले. “दूध नासलं म्हणून मी ते बदललं. भांडंही घासलं. ते बघ.”

सगळ्यांनी नळाकडे पाहिलं. पुरचुंडीतून टपटप पाणी गळत होतं.

“आई!” प्राजक्तानं डोक्याला हात लावला. “अगं, ते तसंच असतं! दूध फाटायलाच हवं. त्या ब्राउन गुठळ्या म्हणजेच सॉस!”

मारीबाईंनी पुरचुंडी हातात घेतली, उघडली, वास घेतला आणि हसायला लागल्या. इतक्या हसल्या की टेबलाला धरून खुर्चीत बसल्या. लुकही हसला, आणि हसता हसता त्यानं आईच्या डोक्यावर ओठ टेकले. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मला मात्र हसू येईना, कारण अर्धीच गोष्ट सांगितलेली होती.

मारीबाईंनी पदार्थ वाचवला. लोण्यात माझा चक्का परतून तांबूस केला, त्यात दूध थोडं थोडं घालून आटवलं आणि मटणाच्या चकत्यांवर ओतलं. सोबत तिथलाच भात. मटण जिभेवर विरघळत होतं, सॉस दिसायला दाणेदार खव्यासारखा, चवीला गोडसर, खारट, लिंबाच्या सालीनं जरा कडवट. असलं काही मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. दोनदा वाढून घेतलं. रसायनशास्त्राच्या बाईंनी दुधात लिंबू पाहूनही ते फाटल्याचं आश्चर्य केलं, यावर लुकनं जेवणभर माझी टर उडवली. उडवू दे.

निघताना मारीबाई गाडीपर्यंत आल्या. माझ्या खिडकीशी वाकून हळूच म्हणाल्या, “स्वयंपाकघरातलं तुम्ही सांगितलंत. बागेतलं मी सांगीन. आजच.”

लुक सोमवारपर्यंत तिथेच राहणार होता. परतीला आम्ही दोघीच. खाचरांतल्या पाण्यावर संध्याकाळ उतरत होती आणि मी खिडकीबाहेर बघत होते. प्राजक्ताला वाटलं, मी दुधावरून खजील झालेय. हद्द ओलांडून टेक्सासमध्ये आलो आणि पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा लुकचा फोन आला. ती गाडीबाहेर उभी राहून बराच वेळ ऐकत होती. परत येऊन बसली, पण गाडी सुरू केली नाही.

“मारीनं त्याला सांगितलं. बागेत ती ज्याँची वाट बघत होती ते. उद्या दोघं डॉक्टरकडे जातायत. घराचा डिसिजन तिला विचारूनच घेऊ म्हणाला. रडत होता गं.” मग माझ्याकडे वळली. “तुला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“ते तिचं होतं. तिनंच सांगायचं.”

गाडी पुन्हा मोठ्या रस्त्याला लागली. ह्यूस्टनचे दिवे दिसायला लागले तेव्हा प्राजक्तानं समोर बघतच विचारलं, “आई, तुझं असं काही झालं, तर तू सांगशील मला?”

‘हो’ म्हणायला तोंड उघडलं होतं. पण दुपारी मारीबाईंचा तो चेहरा पाहिल्यानंतर लेकीशी वरवरचं बोलवेना.

“नाही सांगणार,” मी म्हणाले. “जमेल तितके दिवस लपवीन. फोनवर तू विचारशील आणि मी ‘बरी आहे’ म्हणेन. माझ्यासमोर येऊन बसलीस, माझ्या हातचं खाल्लंस, तरच तुला कळेल.”

तिनं डोळे पुसले, इंडिकेटर दिला आणि गाडी घराकडे वळणाऱ्या लेनमध्ये घेतली.

“येईन मी नागपूरला,” ती म्हणाली.

असं ती दरवर्षी म्हणते आणि मी दरवर्षी ‘बरं’ म्हणते. या वेळी मी तिला तारीख विचारली.