भाऊ गाडीमागे उभे राहत

ब्रेकचं काम केलेली गाडी गिऱ्हाइकाला देण्याआधी भाऊ ती कुरवंड्याच्या चढावर नेत. वर कुणालातरी बसवून न्यूट्रलमध्ये मागे सोडायला लावत आणि स्वतः वीस पावलं खाली, तिच्या वाटेत, उभे राहत. "ज्याचा हात, त्याची छाती," एवढंच म्हणत. वलवणच्या त्यांच्या गॅरेजातून कंटाळून गेलेले कामगार पुष्कळ. ब्रेकची तक्रार घेऊन परत आलेलं गिऱ्हाईक मी पाहिलं नाही.

भाऊ माझे सख्खे थोरले, बारा वर्षांनी मोठे. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला, म्हणून त्यांनी मला वाळवी हे नाव ठेवलं. "आली का वाळवी? किती पानं खाल्ली आज?" माझ्या लग्नात ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "पोरगी दिलीत खरी, पन ह्याला पंक्चर बी काढता येत न्हाई." मांडव हसला. माझी बायकोही हसली.

त्यांचं शेवटचं मोठं काम म्हणजे एका बंगलेवाल्याने लिलावात घेतलेला लष्कराचा जुना ट्रक. भाऊंनी त्याचा मागचा ॲक्सल काढून दुसऱ्या गाडीचा बसवला आणि त्यावर ड्रमऐवजी डिस्क ब्रेक चढवले. डिस्क दोन्ही बाजूंनी आवळणारे कॅलिपर धरायला जाड पट्ट्या आंबीच्या कारखान्यातून कापून आणल्या. सुट्या भागांबरोबर आलेला इंग्रजी कागद वाचायला मला बोलावलं. त्यात लिहिलं होतं, हवा काढायचा नट वरच्या बाजूला आला पाहिजे. मी वाकून पाहिलं. दोन्ही नट खाली होते. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला होता.

"भाऊ, हे उलटे लागलेत. आत हवा राहील, ब्रेक धरणार नाही."

दोघे कामगार हातातलं काम थांबवून बघू लागले. भाऊंनी चिंधीला हात पुसले. "व्हय का? मंग आज मागं तूच उभा ऱ्हा. तू लय वाचलंयस."

नाही म्हणता आलं असतं. मी गेलो. फक्त मागचे ब्रेक तपासायचे म्हणून भाऊंनी पुढच्या चाकांची ब्रेकची लाईन बंद केली आणि स्वतः वर बसले. ट्रक सुटला. मागचा ब्रेकचा लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. ट्रक येतच राहिला. मी बाजूच्या गटारात उडी टाकली. डावं मनगट मोडलं. मी उभा होतो त्याच्या दोन हात पुढे जाऊन ट्रक थांबला.

भाऊ उतरले. माझ्या हाताकडे त्यांनी पाहिलं नाही. "पळालास. उभा ऱ्हायला असतास तर लागला असता ब्रेक."

कामगार हसले. त्यांना हसावंच लागे.

तिसऱ्या दिवशी बोलावणं आलं. दोन्ही नट वर आले होते. "आता तू बस. मी हाय मागं." हाताला प्लास्टर होतं, पण सरळ मागे यायला एक हात पुरला. आरशात भाऊ मोठे मोठे होत गेले. ब्रेक कुठे दाबायचा ते त्यांनी चुन्याने आखून दिलं होतं. ती रेघ गेली. मी दाबला नाही. मग दाबला. ट्रक खिळल्यासारखा उभा राहिला. मागची फळी त्यांच्या सदऱ्याला टेकली होती.

"काम चोख हाय," भाऊ म्हणाले.

पुढच्या वर्षी ते तळेगावच्या दवाखान्यात होते. पोट पाण्याने फुगलं होतं. वहिनी औषधं आणायला खाली गेल्या तेव्हा मी ते सांगून टाकलं. "त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा दाबला, भाऊ."

"ठावं हाय. आरशात दिसत व्हतास की."

"मग हललात का नाहीत?"

त्यांनी उशीवर मान माझ्याकडे वळवली. "हाललो असतो तर तुला वाटलं असतं, तू मानूस मारू शकतोस." मग ओठ जरा वाकडे झाले. "तुझ्यात तेवढं न्हाई, वाळवे."

दोन दिवसांनी ते गेले. त्यांना मूल नव्हतं; अग्नी मी दिला. दहाव्याला लोक विचारत होते, शेवटी तुझ्याशी काय बोलले भाऊ?

मी म्हणालो, काही नाही.