एका कड्याचं नाव

सतरा वर्षं मी कोल्हापुरात मुलांना सह्याद्री शिकवला, पण पाहिला होता तो फक्त भिंतीवरच्या नकाशात. संस्थान विलीन झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शाळेसाठी नवा नकाशा काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा माझी मलाच लाज वाटली आणि मी गारगोटीची मोटार धरली.

गारगोटीत चहा घेताना हॉटेलवाल्याला विचारलं, सह्याद्री कुठून दिसेल?

"असला डोंगूर हितं न्हाय की, पावणं!"

त्याच्या पाठीमागे अख्खी निळी रांग उभी होती. मी बोट दाखवलं, तर म्हणाला, "त्यो व्हय? त्यो घाट!" आम्ही मास्तर लोक उगाच शहाणे.

पुढे दोन दिवस पायपीट. एक वहाण वाटेतच तुटली. सड्यावर (माथ्यावरच्या कातळी पठारावर) पोचलो, तेव्हा पश्चिमेला एकदम तुटलेले कडे आणि खाली धुरकट कोकण दिसलं. मी कितीतरी वेळ नुसता बसून राहिलो.

जवळच्या धनगरवाड्यात एक म्हातारीच होती. बाकीचे म्हशी घेऊन लांब गेले होते. तिने नाचणीची भाकरी आणि ताक दिलं. नकाशाचं सांगितल्यावर ती हौसेनं एकेका डोंगराचं नाव सांगू लागली. समोरच्या कड्यापाशी मात्र गप्प झाली.

"याला नाव नाही?"

"हाय की. पर मला घेता येत न्हाय. मालक तिथनं पडलं. तवापास्नं त्येंच्याच नावानं वळखत्यात."

बायकोने नवऱ्याचं नाव घेऊ नये, ही रीत माझ्या घरीही आहेच. म्हणून मीच म्हादू, धोंडू, विठू अशी नावं घेत सुटलो. ती दरवेळी मान हलवून हसायची. शेवटी थकून म्हणालो, "राहू द्या आजी, एवढी जागा मोकळी सोडतो."

तिचं हसू मावळलं. "म्हंजे पोरं म्हणणार, तितं कुणीच न्हवतं?"

मी पेन्सिल खाली ठेवली.

"मास्तर, तिकडं तोंड करा."

मी कड्याकडे तोंड करून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने पाठीमागून हळूच आवाज आला, "भैरू." वळून पाहिलं, तर तिने पदर तोंडावर ओढला होता.

कोल्हापुरात नकाशा पुरा केला. सह्याद्री मोठ्या अक्षरांत सहज लिहून झाला. 'भैरूचा कडा' मात्र आधी पेन्सिलीने दोनदा गिरवला, मगच शाईने लिहिला.

हेडमास्तरांनी त्यावर बोट ठेवलं. "हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"पुस्तकात नाही. भैरूच्या बायकोने स्वतः नाव घेतलंय."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि सही केली.