‘चूक कोणाची’ हा रकाना

आपलं हे जग ज्यानं कुणी केलं असेल, त्याची आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची कधी भेट झालीच, तर नमस्कार-चमत्कार काही होणार नाहीत. शेजारी चष्मा कपाळावर सरकवतील आणि सांगतील, "केलंय चांगलं. पण सुरुवात लई अवघड, मधे कंटाळा येतोय आणि शेवट घाईत उरकलाय की." या गृहस्थांना कुठल्याही गोष्टीकडे व्हिडिओ गेम म्हणूनच बघता येतं, आणि कुठलाही गेम त्यांना संपूर्ण पसंत पडलेला मी अजून पाहिलेला नाही, त्यांनी स्वतः केलेलेही त्यात आले. ईशान आणि जुई, तुम्ही परदेशातून सोलापूरला माझ्याकडे आला होतात तेव्हा ज्यांना तुम्ही ‘वरचे आजोबा’ म्हणत होतात, तेच हे. ईशान हरून रडायला लागला तेव्हा "तू हरला न्हाईस बाळा, गेम लिहिणारा हरलाय," असं सांगून त्यांनी त्याला गप्प केलं होतं. ते वाक्य त्यांनी समजूत काढायला म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटतं.

आता सगळं क्रमाने सांगते. वरच्या आजोबांचं आयुष्य चादरीच्या एका कारखान्यात नक्षी काढण्यात गेलं. आलेख कागदावर एकेक चौकोन रंगवून मोर, कमळ, हत्ती काढायचे. मग त्याप्रमाणे पुठ्ठ्यांना भोकं पाडायची. ते पुठ्ठे मागावर चढले की भोक असेल तिथला धागा वर उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, आणि चादरीवर मोर उमटतो. निवृत्तीनंतर मुलानं जुना कॉम्प्युटर दिला, तेव्हा यांना शिकण्यासारखं फारसं काही उरलंच नव्हतं. "पडद्यावरचे चौकोन म्हंजे आमचेच चौकोन, फक्त आत दिवा लावलेले," हे त्यांचं मत. घरात ते तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि कॉम्प्युटरशी खास सोलापुरी. जिन्यातून जाताना "काय करलालास बे? सरळ चाल की!" असं ऐकू आलं, तर ते कुणा माणसाला रागावत नाहीत एवढं आता इमारतीत सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या माऊसखाली पहिल्या दिवसापासून कारखान्यातला एक जुना, कडा झिजलेला भोकांचा पुठ्ठा आहे. मी एकदा वाढदिवसाला माऊसखाली ठेवायची चांगली रबरी चकती आणून दिली. त्यांनी आभार मानले आणि तिच्यावर चहाचा कप ठेवायला सुरुवात केली. पुठ्ठा हलला नाही.

खेळण्याबद्दलची त्यांची मतं विचारावी लागत नाहीत. बंदुकीचे गेम त्यांना चालत नाहीत. "दीडशे माणसं मारायची आणि एकाच्याबी घरी निरोप धाडायचा न्हाय, ही काय रीत झाली?" ज्या गेममध्ये अर्धा-अर्धा तास गोष्टच चालते, तो लावून ते सरळ भाजी निवडायला बसतात. मोठमोठे बाण दाखवून वाट सांगणाऱ्या गेमवर तर विशेष राग. "इकडं जा, तिकडं जा, हे उचल, ते ठेव! मी काय नव्या घरात आलेली सून हाय का?" हा डोळा गेमपुरता राहता तरी बरं. एकदा आम्ही दोघं बँकेत गेलो, तर नंबराची चिठ्ठी देणारं यंत्र बघून ते थेट मॅनेजरच्या टेबलाशी गेले. "साहेब, तुमचं बटण दाबलं की आवाज येत न्हाय. दाबलं गेलं का न्हाय, माणसाला कळायचं कसं? म्हणून लोक चार-चारदा दाबतेत आणि चिठ्ठ्या वाया जातेत." मॅनेजरनी तक्रार लिहून द्यायला सांगितलं. यांनी तिथल्याच एका पावतीच्या मागे बटणाचं चित्र काढून दिलं.

गेम करताना मात्र हेच गृहस्थ स्वतःला जराही सवलत देत नाहीत. ज्वारीवरची पाखरं राखणाऱ्या माणसाचा एक गेम त्यांनी केला होता. त्यात गोफण फिरल्याचा आवाज हवा होता. इंटरनेटवर तसले आवाज मिळतात असं मी सांगितलं, तर म्हणाले, "ती परदेशी गोफण. तिला आपली पाखरं घाबरतील होय?" आणि एसटीनं मंगळवेढ्याला गेले. तिथे रानात मचाणावर एक बाई उभी होती. यांनी मोबाईल पुढे करून विनंती केली. ती म्हणाली, "आवाज भरून न्यायला आलाव व्हय? मग दगड घालून फिरवू का नुसतीच?" हा प्रश्न त्यांना इतका आवडला, की पुढे महिनाभर ते तिला ‘माझी गुरू’ म्हणत होते. आवाज दोन्ही तऱ्हांचा आणला, शिवाय पिशवीभर हुरडा. गेम पूर्ण झाला तो सात जणांनी खेळला. त्यातली एक मी.

मी या धंद्यात शिरले ती इंग्रजीच्या वाटेनं. गेमच्या सूचना इंग्रजीतही असाव्यात म्हणून ते कागद घेऊन आले, आणि मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलेलं असल्यानं लाल पेन आपोआप हातात आलं. पुढे गेम तपासण्याचं कामही माझ्याकडे आलं. "बाई, तुमाला गेम अजिबात येत न्हाय. तुमच्यापेक्षा चांगला तपासणारा मिळायचा न्हाय," अशी माझी नेमणूक झाली. मी दोनशे पानी वही घातली आणि पट्टीनं रकाने आखले: तारीख, कुठे अडलं, काय झालं. चौथा रकाना त्यांनी सांगून आखून घेतला: ‘चूक कोणाची’. कारण त्यांच्या सगळ्या मतांच्या तळाशी असलेलं मत हेच. "खेळणारा मेला तर मरू द्या. पण मेला तो सोताच्या चुकीनं का माझ्या, हे त्याला कळलं पायजे. माझी चूक त्याच्या नावावर गेली, तर तो गेम न्हाय. लबाडी हाय." त्यामुळे प्रत्येक नोंदीपुढे मी ‘खेळणाऱ्याची’ किंवा ‘करणाऱ्याची’ असं लिहायचं. ‘करणाऱ्याची’ लिहिलं की ते वाद न घालता वर जाऊन दुरुस्त करत. इतका प्रामाणिक विद्यार्थी मला नोकरीत मिळाला नव्हता.

गेल्या वर्षी त्यांनी ‘नेमली’ करायला घेतला. नेमली म्हणजे तेलुगूत मोर. या गेममध्ये आपण धोटा असतो. मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो ना, तो. धावत धावत चादर विणायची, उंदरांना चुकवायचं, आणि उंदीर आडवा आला की धागा तुटतो. बाकीचे गेम अशा वेळी ‘गेम ओव्हर’ म्हणतात. यांना ते शब्द अमंगळ वाटतात. "धागा तुटला म्हणून कुणी माग बंद करून घरी जातंय का?" म्हणून त्यांच्या पडद्यावर येतं: ‘धागा तुटला. गाठ मारा.’ बोट दाबलं की गाठ बसते आणि धोटा पुन्हा धावायला लागतो.

शेवटच्या लेव्हलला मी पोचले तेव्हा माझा मलाच अभिमान वाटला. चादर पूर्ण झाली, पिसारा फुलवलेला मोर पडद्यावर आला, आणि मी शिस्तीत नोंद केली: ‘मोराला डोळा नाही. चूक: करणाऱ्याची.’ वही पाहून वरचे आजोबा नेहमीसारखे उठले नाहीत. त्यांनी चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "बाई, हे बरोबर लिहिलंत. चाळीस वर्षांत कुणी लिहिलं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. मोराच्या चादरींचं मोठं काम चालू असताना मधला एक पुठ्ठा फाटला. यांनी घाईत दुसरा करून दिला, आणि त्यात डोळ्याचं भोक पाडायचं राहिलं. ढीगभर चादरींवर आंधळे मोर उमटले. मालकानं विचारलं, तेव्हा यांच्या तोंडून निघालं, "पुठ्ठा बरोबर हाय. मागाचं हूक अडकलं असेल." हूक म्हणजे धागा वर उचलणारा आकडा, आणि तो अडकणं म्हणजे माग चालवणाऱ्याचं दुर्लक्ष. माग चालवत होता यांचा जिवाभावाचा जोडीदार, रोज एका डब्यात जेवणारा. त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. तो दुसरीकडे कामाला लागला, पण यांच्याशी बोलणं संपलं. तो चुकलेला पुठ्ठा यांनी गुपचूप घरी आणला. तोच माऊसखालचा. जोडीदार आपल्या इमारतीपासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि चाळीस वर्षं हे त्या गल्लीतून न जाता वळसा घालून बाजारात जातात.

"गेम त्याच्यासाठीच केलाय," ते म्हणाले. "त्यानं खेळावा, मोर बघावा आणि वळखावं. मला तोंडानं जमत न्हाय."

मी शिक्षिका आहे. मला हे चालण्यासारखं नव्हतं. "म्हणजे कोडं घालून माफी मागणार? खेळणाऱ्याला चूक कोणाची ते स्पष्ट कळलं पाहिजे, हे कोण सांगत होतं?" माझ्याजवळ त्यांचंच मत होतं, त्यामुळे त्यांचं काही चाललं नाही. फक्त अट घातली, "तुमी संगं चला. वही घेऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता आम्ही निघालो. त्यांच्या हातात मोबाईल आणि पुठ्ठा, माझ्या हातात वही. ज्यांनी बँकेच्या मॅनेजरला बटण समजावून दिलं, त्यांचे पाय त्या गल्लीच्या तोंडाशी दोनदा थांबले. जोडीदार ओट्यावर पेपर वाचत होते. आम्हाला बघून त्यांनी पेपर खाली केला नाही. वरचे आजोबा उभेच राहिले. शेवटी मी वही उघडली आणि वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं: "मोराला डोळा नाही. चूक: करणाऱ्याची."

पेपर खाली आला. वरच्या आजोबांनी पुठ्ठा पुढे केला. जोडीदारांनी तो उजेडाकडे धरला, ओळींवरून बोट फिरवलं आणि एका जागी थांबवलं.

"हितं भोक राह्यलंय."

"व्हय. माझ्याकडनं."

"मला तवाच ठाव होतं बे," जोडीदार म्हणाले. "हूक अडकलं की मागाचा आवाज बदलतोय. त्या दिवशी आवाज बदलला न्हवता."

"मग मालकाला बोलला का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो की."

मी वही मिटली. आतून सूनबाईंनी चहा आणला, तेव्हा जोडीदारांनी मोबाईल ओढून घेतला. "दाव, काय केलायस ते." धोटा निघाला, पहिल्याच उंदरावर आदळला आणि पडद्यावर आलं: ‘धागा तुटला. गाठ मारा.’ शेवटचे दोन शब्द त्यांनी ओठ हलवत वाचले आणि बोट ठेवलं. दुसऱ्या खेपेला ते मोबाईल कानाशी धरून बसले. मग म्हणाले, "ह्यो आवाज कशाचा?"

वरच्या आजोबांनी मान खाली घातली. गोफणीसाठी मंगळवेढ्याला जाणारा हा माणूस मागाच्या आवाजासाठी मात्र कुठल्याच मागापाशी गेला नव्हता. "डब्यावर चमचा वाजवून केलाय."

"तरीच! माग असा वाजतोय व्हय? ऐक." आणि त्या म्हाताऱ्या माणसानं ओट्यावर बसून तोंडानं माग चालवून दाखवला: "खट्ट-खटाक्, खट्ट-खटाक्." वरच्या आजोबांनी मोबाईल परत घेऊन ते भरून घेतलं. जोडीदारांच्या पसंतीस उतरेपर्यंत तीनदा भरावं लागलं.

आता रोज दुपारी जोडीदार वर येतात. तपासण्याचं काम माझ्याकडून गेलं. ‘बाईंना आता गेम यायला लागलाय’ हे कारण मला देण्यात आलं. दुपारी वरून दोघांचं भांडण ऐकू येतं, आणि ते थांबलं की ती खट्ट-खटाक् सुरू होते. मोराला डोळा घातलेला आहे, तो जोडीदारांनी स्वतःच्या बोटानं घातला. वही माझ्या कपाटात दुसऱ्या खणात आहे. तिची निम्मी पानं कोरी राहिली.

‘नेमली’ मी तुम्हाला पाठवते आहे. सगळ्या सूचनांचं इंग्रजी मी केलं आहे आणि ते बिनचूक आहे. एकच वाक्य राहिलं: ‘गाठ मारा.’ इंग्रजीत धाग्याच्या गाठीला एक शब्द आहे आणि माणसांची गाठ पडते त्याला दुसरा. मला दोन्ही गाठी एकदम हव्या होत्या. चार दिवस खोडलं, लिहिलं आणि शेवटी मराठीच राहू दिलं. तुमची आई हे सगळं वाचून दाखवेलच, पण खेळताना ती जवळ नसली, धागा तुटला आणि पडद्यावरची अक्षरं लागली नाहीत, तर मला फोन करा. इथे कितीही वाजले असले तरी चालेल. मी वाचून दाखवीन.