आत्याची नवी लुगडी

आत्या गेली. घरात कोणीही नसताना गेली.

शेजारणीनं सकाळी चहाला हाक मारली. दार उघडलं नाही. मग मला फोन.

स्टेटसला टाकायला फोटो शोधला, तर तिचा एकटीचा एकही फोटो नाही माझ्याकडे.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कारंजाचे, आत्या केनवडला दिलेली. नवरा मारायचा, आणि मारून झालं की घराबाहेर काढायचा. आत्या वाशीमला एसटी बदलून आमच्याकडे यायची.

आजोबा वाईट नव्हते हो. तिला पाहिलं की आपलं ताट तिच्यापुढं सारायचे. चार दिवस ठेवून घ्यायचे, मग बाजारातून नवं लुगडं आणायचे आणि स्वतः एसटीत बसवून द्यायचे.

"लेक रिकाम्या हातानं नाई धाडत आपून."

केनवडच्या बाया लुगडं पाहून म्हणायच्या, "माहेर लय मायेचं हाये वो तुमचं!"

डोंबलाची माया! प्रत्येक लुगड्यामागं एक मार होता. हे तिनंच मला नंतर सांगितलं, हसत. मला आजही संतापच येतो.

एकदा माझ्यासमोर ती आजोबांना म्हणाली, "बाबा, लुगडं नोका आनू. मांगची खोली द्या मले."

"लोक काय म्हनतीन, बाई?"

मागच्या त्या खोलीत गुरांच्या चाऱ्याचं कुटार भरलेलं असायचं. कुटाराला जागा होती.

त्याच वर्षांत रेडिओवर 'आंतरराष्ट्रीय महिला वर्षा'चं भाषण लागलं होतं. आत्या भाकरी थापता थापता म्हणाली, "हे कोन्या बायायचं वर्ष हाये?"



ते दशक संपताना संयुक्त राष्ट्रांत बायांवरच्या भेदभावाविरुद्ध करार झाला. आपल्या देशानं तो १९९३ मध्ये स्वीकारला. घरातली मारहाण हा घरचा मामला नाही, हे जगात मान्य झालं. तेच धरून इथल्या बाया भांडल्या, तेव्हा कुठे २००५ मध्ये घरगुती हिंसाचाराचा कायदा आला.

मी तोवर वकील झाले होते. या कायद्याचं ट्रेनिंग संपलं तशी थेट केनवडची एसटी पकडली.

"आत्या, आता बाईला असं घराबाहेर काढता येत नाही. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी. कोर्ट तशी ऑर्डर देतं."

"आन त्याच्या संगं राहाचंच नसन तं?"

"वेगळी खोली द्यायला लावतं. नाहीतर भाडं."

"खोली?"

जगभरच्या देशांनी मिळून केलेल्या त्या कराराचंही मी सांगितलं, तशी ती म्हणाली,

"इतक्या दूरच्या लोकायले समजलं. माह्या बापाले काहून नाई समजलं वो?"

आजोबा गेलेले. तिचा नवराही गेलेला, तरी हे तिला सांगायचंच होतं मला. मूलबाळ नाही.

तिनं घरभर नजर फिरवली. "चांगला कायदा हाये, माय. पन आता मले काढाले बी कोनी नाई घरात."

आत्ता मी केनवडच्या एसटीतच आहे. शेजारची सीट रिकामी आहे. कोणाशी बोलावं कळेना, म्हणून इथे लिहिलं.

आत्या, तुला भरल्या डोळ्यांनी निरोप.