प्रश्न एसटीने वैशाखऱ्याला जायचा

मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर झेरॉक्सचं एक दुकान होतं. दुकानाबाहेर काळा फळा टांगलेला असे आणि त्यावर बहुतेक वेळा एकच मजकूर असे: ‘लाईट नाही, झेरॉक्स बंद.’ नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा मुरबाडच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. वर्गात देश दाखवायला मी टपालाची तिकिटं न्यायचे. त्यातून छंद वाढला, आणि हळूहळू आमचा तिकीट गोळा करणाऱ्यांचा एक छोटा क्लब झाला. त्यात झेरॉक्सवाले होते, सरकारी दवाखान्यातली एक नर्स होती, आणखी काही जण होते. शहापूरजवळच्या सापगावहून रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थही यायचे. आमच्यात सगळ्यात जास्त तिकिटं त्यांच्याकडे.

बैठक महिन्यातून एकदाच व्हायची. झेरॉक्सवाले एकदा मला म्हणाले, “मॅडम, महिनाभर वाट बघून कंटाळा येतो. या फळ्यावर रोज एक प्रश्न लिहा की. लाईट गेली की गिऱ्हाईक नुसतं उभं असतं, त्यालाही काम होईल.”

दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत जाताना फळ्यावर प्रश्न लिहू लागले. ‘मग्यार पोश्ता’ असं छापलेलं तिकीट कुठल्या देशाचं? कुठला देश आपल्या तिकिटावर स्वतःचं नावच छापत नाही? उत्तराची चिठ्ठी बिस्किटाच्या डब्यात टाकायची, आणि बरोबर उत्तर देणाऱ्यांची नावं दुसऱ्या दिवशी फळ्यावर यायची. बक्षीस म्हणजे तेवढंच. पण आपलं नाव खडूने लिहिलेलं बघायला लोक वाट वाकडी करून यायचे. तिकिटांशी काही संबंध नसलेले भाजीवाले, जीपवाले, कॉलेजची मुलंसुद्धा अंदाजपंचे चिठ्ठ्या टाकायची. ‘मग्यार पोश्ता’ म्हणजे हंगेरी, पण त्या प्रश्नाला कोणीतरी ‘महाड’ असं उत्तर दिलं होतं.

माझं सासर वैशाखऱ्याचं. मी रोज एसटीने जायचे-यायचे. माळशेजच्या रस्त्याला जाणाऱ्या गाडीवर एक हौशी कंडक्टर होते. ते सकाळीच प्रश्न वाचून घ्यायचे आणि प्रत्येक थांब्यावर घंटी मारण्याआधी मोठ्याने सांगायचे. त्यामुळे संध्याकाळी मी घरी पोचायच्या कितीतरी आधी माझा प्रश्न वैशाखऱ्याच्या चहाच्या टपरीवर पोचलेला असे.

त्या टपरीवर माझे सासरे बसलेले असायचे. माणूस फार अबोल. आमच्या लग्नाला तोवर बरीच वर्षं झाली होती, पण ‘पाणी दे’ आणि ‘गाडी मिळाली का’ यापलीकडे ते माझ्याशी बोललेले मला आठवत नाहीत. राग नव्हता, प्रेमही दिसत नव्हतं. सकाळी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीसमोर सगळ्यांबरोबर वंदना म्हणायचे, मग शेत, मग टपरी. तरुणपणी ते फौजेत स्वयंपाकी होते एवढंच घरात माहीत होतं. माझ्या तिकिटांना ते ‘कागदाचे कपटे’ म्हणत.

एके दिवशी मी फळ्यावर लिहिलं: ‘आपल्या देशाच्या तिकिटांवर पहिल्यांदाच एका परदेशाचं नाव देवनागरीत छापलं गेलं. तो देश कोणता?’ प्रश्न अवघड होता. दिवसभरात डब्यात नेपाळ, लंका, ब्रह्मदेश असं सगळं येऊन पडलं.

संध्याकाळी जेवताना सासऱ्यांनी ताटातला घास तसाच ठेवला आणि खाली बघतच म्हणाले, “कोरिया.”

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, “काय बाबा?”

“तुझा प्रश्न. कोरिया ना?”

“हो, बरोबर! पण तुम्हाला कसं माहीत?”

“मी होतो तिकडं. तिकडली लढाई थांबली, तवा कैदी सांभाळायला आपली फौज नेलेली.”

माझा नवरा आ वासून बघत राहिला. सासूबाईंनी भाकरी तव्यावरच ठेवली. “मला कधी सांगितला नाय!”

“तू कधी इचारला?”

“कोरिया म्हणून काय असतं ते म्हाईत असतं तर इचारला असता!”

आम्ही सगळे हसलो. तेही हसले, मग बोलायला लागले. थंडी एवढी की तांदूळ धुताना बोटं कळायची नाहीत. तंबूभोवती काटेरी तारा. कैद्यांतले काही म्हणायचे घरी जायचं, काही म्हणायचे नाय जायचं, आणि त्यावरून त्यांच्यात मारामाऱ्या. “आमी मधी उभे,” ते म्हणाले. “त्यांची भाषा आमाला येत नाय, आमची त्यांना येत नाय. पण उपाशी माणूस कसा बघतो ते कळतं.” त्या दिवशी आमटी गार झाली तरी कोणी उठलं नाही.

मी ही हकीकत क्लबात सांगितली. सापगावचे काका ताडकन म्हणाले, “ती तिकिटं माझ्याकडे आहेत. मी अदलाबदल करणार नाही, पण रविवारी तुमच्या घरी घेऊन येतो.”

आले. अल्बम प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी टॉवेलात, टॉवेल कापडी थैलीत. ओटीवर बसून त्यांनी पान उघडलं. एका छोट्या तिकिटावर कोणार्कचा दगडी घोडा होता, आणि त्यावर काळ्या शाईत आडवं छापलेलं: ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कटक म्हणजे सैन्य.

सासऱ्यांनी बोट पुढे केलं तसे काका ओरडले, “हां हां, हात नका लावू!” तिकिटं चिमट्याने धरायची, हा त्यांचा कडक नियम. क्लबात नर्सलासुद्धा त्यांनी कधी हात लावू दिला नव्हता.

सासऱ्यांनी बोट मागे घेतलं. तिकिटाकडे बघत म्हणाले, “हाच घोडा. आईला पत्र लिहायचो तवा पाकिटावर ओळीनं घोडे चिकटवायचो. तिला वाचता येत नव्हतं. घोडे बघितले की तिला कळायचं, पोरगा जिवंत आहे.”

काकांनी चिमट्याने तिकीट उचललं, सासऱ्यांच्या तळहातावर ठेवलं आणि चिमटा खिशात टाकला.

एवढ्यात दारातून सासूबाई वाकून बघायला लागल्या. “अगो बाय! हे घोडे तर सासूच्या पेटीत आतल्या बाजूला डकवलेले होते. मला वाटायचा, जत्रेतलं चित्र हाय.”

“कुठे आहे ती पेटी?” काकांनी उठतच विचारलं.

“कधीच वाळवीनं खाल्ली.”

काकांचा चेहरा इतका पडला की सासरेच त्यांची समजूत घालायला लागले. “जाऊ द्या हो. आईनं बघितले ना, झाला मग.” त्यांनी काकांना जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि जेवणही स्वतःच्या हाताने रांधलं.

तेव्हापासून सासरे क्लबाचे झाले. बुधवारी मुरबाडला यायचे आणि त्या दिवशीचा प्रश्न ते घालायचे. अक्षर ठसठशीत, प्रश्न सोपा, पण भांडण हमखास. बुद्धजयंतीच्या तिकिटावरचं पान पिंपळाचं की बोधिवृक्षाचं, यावर फळ्यासमोर दुपारभर वाद चालला. शेवटी नर्सने दोन्ही बरोबर ठरवलं. आता घरी परतल्यावर चहा घेताना आमच्या गप्पा व्हायच्या. ‘सूनबाय, उद्या काय?’ हा त्यांचा रोजचा प्रश्न.

दोन हजारनंतर मोबाईल आले. काही सभासद म्हणाले, आता मेसेज पाठवा, फळा कशाला? आम्ही मेसेज सुरू केले, पण फळा काढला नाही.

त्याच सुमारास मी एकदा विचारलं: ‘जुन्या नऊ पैच्या तिकिटावर बैल काय ओढतात?’ तिकिटाची मोठी झेरॉक्सही फळ्याला चिकटवली होती, पण ती काळवंडून गेलेली. लोकांनी नांगर लिहिलं, गाडी लिहिलं. घरी मी तिची दुसरी प्रत दाखवली तर सासूबाई ताबडतोब म्हणाल्या, “मोट. बैल हिरीपासनं दूर चाललेत, दिसत नाय का? माझ्या बापानं जल्मभर हाकली.” त्या घाटावरच्या, जुन्नरकडच्या. आमच्या भातशेतीवाल्या गावात बैलांनी विहिरीचं पाणी ओढायची मोट कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांचं एकटीचं नाव होतं. सासरे त्यांना मुद्दाम मुरबाडला घेऊन आले. नवं लुगडं नेसून त्या फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

“यातला माझा नाव कुठला?”

सासऱ्यांनी बोट ठेवून दाखवलं. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग झेरॉक्सवाल्यांना म्हणाल्या, “भाऊ, उद्या पुसू नका हां.”

झेरॉक्सवाल्यांनी पुसलं नाही. तो आठवडाभर मी प्रश्न खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिले.