सात मजल्यांची आई

रतीबाचं घर आहे तिथं एके काळी बरसीमच्या घासाचं शेत होतं. गीझा शहराच्या कडेला, कालव्यापलीकडे, तिचा नवरा मुतवल्ली म्हैस चारायला सोडायचा ती हीच जागा. आता तिथं घरांना घरं अशी खेटलीत की समोरच्या बाईनं कांदा चिरला तर इकडच्या बाईच्या डोळ्यांना पाणी येतं.

रतीबाला सात मुलगे झाले. मुलगी एकही नाही. लग्नघरी तिला पुढं बसवायचे, नव्या नवरीच्या डोक्यावरून तिचा हात फिरवून घ्यायचे. तीही तोऱ्यात असायची. सरकारी दवाखान्यातली एक बाई खांद्याला पिशवी अडकवून दारोदार फिरायची, दोन पुरेत म्हणून सांगायची. रतीबानं तिला पायरी चढू दिली नाही. "तुझी दोन तुला लखलाभ," म्हणाली आणि पायातली चप्पल काढून दाखवली. हा किस्सा ती पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगायची.

पोरं वाढली तसं शेत आटलं. मुतवल्लीनं म्हैस विकली, बरसीम उपटून खांब उभे केले आणि एकेका मुलाच्या लग्नाला एकेक मजला चढवत गेला. खांबांतून वर आलेले लोखंडी गज तो कधी कापू द्यायचा नाही. पुढच्या पोराला लागतील म्हणून ते तसेच आभाळात ताठ उभे असायचे. सहावा मजला चढवला आणि तो गेला. धाकट्या रगबसाठी गच्ची तेवढी राहिली.

रतीबा तळमजल्यावर थोरल्या सोभीकडं राहायची. सोभीची बायको निअमत. तिला लागोपाठ तीन मुली झाल्या, आणि रतीबानं तिला सुखाचा घास गिळू दिला नाही. "सात पोरांच्या आईच्या घरात चिंध्या कसल्या जन्माला घालतेस?" असं ती शेजारणींच्या देखत विचारायची. चौथ्या वेळी निअमतची तब्येत पार ढासळली होती. डॉक्टर नको म्हणाला, तर रतीबा म्हणाली, "डॉक्टर पोसणार आहे का? मूल आपली भाकरी घेऊन येतं." मग मुलगा झाला, आणि त्याला जोडीला हवा म्हणून आणखी एक झाला. निअमतचे दात तिशीतच पडायला लागले.

तिची पोरं मोठी झाली आणि त्यांना रतीबाची पुढची खोली हवी झाली. निअमतनं एका सकाळी सासूची गादी गुंडाळली, आपल्या डोक्यावर घेतली आणि जिना चढायला लागली. रतीबा मागून विचारत राहिली, कुठं नेतेस, कुठं नेतेस. गच्चीवर कबुतरांच्या खुराड्याशेजारी गादी टाकून निअमत म्हणाली, "आई, मूल भाकरी घेऊन आलं हो. खोली नाही आणली त्यानं."

रतीबा तिथंही रुळली. कबुतरांना दाणे टाकायची, पत्र्याखाली झोपायची. पण रगबचं लग्न ठरलं आणि गच्चीवर विटा यायला लागल्या. कबुतरं विकली गेली. आईला कुठं ठेवायचं हे ठरवायला सातही भाऊ सोभीकडं जमले. चहाचे दोन फेर झाले तरी जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. शेवटी ठरलं की प्रत्येकाकडं एक आठवडा. आठवडा संपला की रतीबा आपलं बोचकं काखोटीला मारायची आणि एक मजला चढायची. सगळ्यात वर पोचली की पुन्हा खाली.

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेच्या माहेरची माणसं मुक्कामाला यायची होती, म्हणून तिनं सासूला एक दिवस आधीच निघायला सांगितलं. चौथ्या मजल्यावरची म्हणाली, "आई, माझी पाळी उद्यापासून." रतीबा दोन मजल्यांच्या मधे थोडा वेळ उभी राहिली. मग जिना उतरली, मायक्रोबस धरली आणि नदीपलीकडच्या जुन्या कबरस्तानात गेली. तिथं मुतवल्लीच्या घराण्याचं आवार होतं. भिंत, फाटक, आत कबरी आणि सणाला येणाऱ्यांना टेकायला दोन खोल्या. तिच्या सासूच्या वेळी ईदची रात्र सगळे तिथं काढायचे. नवऱ्याजवळ तरी आपल्याला कोण उठवणार, असं तिला वाटलं.

फाटकाला आतून भलतंच कुलूप होतं. तिनं कडी वाजवली तर कडेवर पोर घेतलेली एक बाई बाहेर आली. आत दोन कबरींच्या दगडांना दोरी बांधून धुणं वाळत घातलेलं. बाई दूर दक्षिणेतल्या सोहाग गावाकडची होती. गावी जमीन भावाभावांत वाटून वाटून चटईएवढी उरली, म्हणून बिऱ्हाड इकडं आणलेलं. जागा कुणी दिली म्हणून विचारलं तर म्हणाली, "सोभी मुतवल्लींनी. तुम्ही त्यांच्या कोण?"

"आई," रतीबा म्हणाली.

बाई वाईट नव्हती. तिनं रतीबाला सावलीत बसवलं, चहा दिला. मुतवल्लीच्या दगडावर वह्या पसरून तिची पोरं अभ्यास करत होती. रतीबानं एक कोपरा मागितला. नुसता पडायला, स्वयंपाकाला हात लावीन, पोरं सांभाळीन, असं म्हणाली. बाईनं मागं वळून खोल्यांकडं पाहिलं.

"आजी, आत आम्हीच एका कुशीवर झोपतो," ती म्हणाली. "मेल्यावर या, खाली जागा आहे. जिवंतपणी कुठं ठेवू तुम्हाला?"

तिला तसं वाईट बोलायचं नव्हतं. जे होतं ते तिनं सांगितलं. रतीबानं चहा संपवला, नवऱ्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हटली, पण पोरांचा अभ्यास मोडू नये म्हणून ओठांतल्या ओठांत, आणि परत निघाली. घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. ती कुठं गेली होती हे कुणी विचारलं नाही. तिसरा मजला समजत होता ती चौथ्यावर आहे, चौथा समजत होता तिसऱ्यावर.

रगबच्या बायकोचं नाव सफा. चार वर्षांत तिला तीन मुलं झाली होती. रतीबाचा वरचा आठवडा चालू असताना सफा एकदा चुलीपाशी भिंत धरून उभी राहिली. ह्या बाळंतपणात वाचले, पण पुढच्या वेळी नाही वाचणार, असं म्हणाली, आणि नवऱ्याला सांगू नका म्हणून हाता-पाया पडली. दुसऱ्या दिवशी मोलोखियाची भाजी आणायला जातो म्हणून रतीबा तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि पुन्हा दिवस जाऊ नयेत अशी सोय करून आणली. दया आली म्हणून नेलं असं ती कधी म्हणाली नाही. "अजून एक आलं तर मला जिनासुद्धा उरणार नाही," एवढंच म्हणाली.

बातमी फुटायची ती फुटलीच. रगब कामावरून आला तो तावातच, आणि त्यानं सफावर हात उगारला. रतीबा मधे जाऊन उभी राहिली.

"मी नेलं तिला."

"तू? तू स्वतः सात काढलेस!"

"काढले. सात काढले, आणि उद्या कुठं पाठ टेकायची ते मला माहीत नसतं. मारायचं तर मला मार."

रगबनं मारलं नाही. आईची गादी उचलली, दाराबाहेर जिन्याच्या वळणावर टाकली आणि दार लावून घेतलं. त्याचा आठवडा रद्द झाला. तो उरलेल्या सहांपैकी कुणी वाटून घेतला नाही, कारण मग पाळी लांबली असती. त्या आठवड्यात रतीबा जिन्यातच झोपायला लागली. रगब कामावर गेला की सफा दार उघडून तिला आत घ्यायची, आणि त्याची यायची वेळ झाली की गादी पुन्हा बाहेर ठेवायची. सफाला पुन्हा दिवस गेले नाहीत.

निअमत गच्चीवर कपडे वाळत घालायला येता-जाता गादी ओलांडायची. एकदा तिच्या मुलीच्या सासरकडच्या बायका तिच्याबरोबर गच्चीवर चढत होत्या, त्यांनी विचारलं ही म्हातारी कोण. "असेल कुणाकडची तरी," निअमत म्हणाली आणि पुढं गेली. रतीबानं ऐकलं. ती पाय जवळ घेऊन बसली, म्हणजे पाहुण्यांना नीट जाता यावं.

रतीबा थंडीत गेली, तीही रगबच्या आठवड्यात. पहाटे नमाजाला उतरताना त्याच्याच पायाला गादी लागली तेव्हा कळलं. प्रेताला आंघोळ कुठल्या घरात घालायची ह्यावर भाऊ जिन्यात उभे राहून बोलत राहिले. तळमजल्यावर निअमतची लेक बाळंतीण होती, दुसरीकडं नातवाची परीक्षा होती, कुणाचं न्हाणीघर फारच अरुंद होतं. दफनाला उशीर व्हायला लागला.

सफानं आपलं दार उघडलं, मुलांना उठवून शेजारी पाठवलं आणि खाट भिंतीला उभी केली. मग ती बाहेर येऊन नवऱ्याला म्हणाली, "आईंना आत आणा. आणि तुम्ही इथंच थांबा."

रगब जिन्यात बसून राहिला. आत बायका पाणी तापवायला लागल्या.